मॅच संपते, पुस्तक चालू राहतं

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय: खेळाडू, टीम आणि देशादेशांतलं राजकारण

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की खेळावरच्या कादंबऱ्या सोडा, खरोखर घडलेलं सांगणारी पुस्तकं, त्यातही मॅचच्या मागे दोन देशांचं भांडण असलेली, यावर तुम्हाला काय विचारायचंय. पत्रं आणि मेसेज भरपूर आले. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी क्रिकेटवेडा माणूस. जुनी स्कोअरकार्डं पाठ आहेत पण राजकारण आलं की पेपरचं पान उलटतो. मित्र म्हणतो खेळ आणि राजकारण यावरची पुस्तकं वाच, जाम भारी असतात. मला भीती ही की पन्नास पानं झाली की नुसते करार आणि परिषदा सुरू होतील. सुरुवात कुठून करू?

उत्तर: क्रिकेटवेडे आहात ना, मग सरळ बॅसिल डॉलिव्हिएरापासून सुरुवात करा. पीटर ओबोर्न नावाच्या ब्रिटिश पत्रकाराचं त्याच्यावर पुस्तक आहे, 'बॅसिल डॉलिव्हिएरा: क्रिकेट अँड कॉन्स्पिरसी', 2004 मध्ये आलेलं. तुमच्यासारख्या वाचकासाठी याहून चांगलं दार मला माहीत नाही, कारण यात राजकारण येतं ते टीम सिलेक्शनच्या रूपात, आणि सिलेक्शनवर तर आपण सगळेच तासन् तास भांडतो.

डॉलिव्हिएरा केपटाऊनचा. वर्णभेदाच्या कायद्यात तो 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा, त्यामुळे कितीही रन काढल्या तरी दक्षिण आफ्रिकेच्या टीममध्ये जागा नाही. मग त्याने इंग्लंडमध्ये जॉन आर्लट या कॉमेंटेटरला पत्रं लिहायला सुरुवात केली, की मला तिकडे कुठे क्लब मिळेल का. 1960 मध्ये मिडलटन क्लबने त्याला बोलावलं. इंग्लंडमध्ये गोरा वेटर आपल्याला जेवण आणून देतोय हेच त्याला किती तरी दिवस पचलं नव्हतं. त्याने वयही कमी करून सांगितलं होतं, कारण खरं वय कळलं तर कोण घेणार ही धास्ती, आणि खरंच 1966 मध्ये इंग्लंडकडून पहिली टेस्ट खेळला तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता.

आता 1968. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या टेस्टमध्ये नाबाद 87 करूनही त्याला पुढच्या मॅचला वगळलं. शेवटच्या ओव्हल टेस्टआधी रॉजर प्रिडॉने माघार घेतली म्हणून त्याला परत घेतलं, आणि गड्याने 158 ठोकल्या. त्या हिवाळ्यात इंग्लंडची टीम दक्षिण आफ्रिकेच्या टूरवर जाणार होती. टीम जाहीर झाली तर डॉलिव्हिएराचं नावच नाही! कारण काय, तर म्हणे निव्वळ क्रिकेटचं. मग टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला, त्याच्या जागी डॉलिव्हिएराला घेतलं, आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी सरळ सांगितलं की ही टीम आम्हाला चालणार नाही. टूर रद्द.

इथवरची गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत असते. ओबोर्नचं काम याच्या खाली जाण्याचं आहे. एका सिगारेट कंपनीच्या माणसाने डॉलिव्हिएराला घसघशीत पगाराची कोचिंगची नोकरी देऊ केली होती, अट एकच, टूरसाठी उपलब्ध नाही असं आधीच जाहीर करायचं. फोर्स्टर त्याला येऊ देणार नाहीत हा निरोप कित्येक महिने आधी एमसीसीच्या, म्हणजे तेव्हा इंग्लंडची टूर टीम पाठवणाऱ्या क्लबच्या, मोठ्या लोकांपर्यंत पोचला होता आणि सिलेक्टर्सपासून तो लपवून ठेवला गेला. हे सगळं ओबोर्न कागदपत्रांवरून दाखवतो. तुम्ही करार आणि परिषदांना घाबरताय, पण इथे प्रत्येक कागद एका प्रश्नाशी बांधलेला आहे, हा माणूस टीममध्ये का नाही? त्यामुळे पान उलटावंसं वाटत नाही, पुढचं काय हेच वाटत राहतं.

आणि मला या पुस्तकाचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ते ओव्हलच्या 158 वर थांबत नाही. पुढे 1970 ची दक्षिण आफ्रिकेची इंग्लंड टूर रद्द झाली, मग तो देश दोन दशकं आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या बाहेर राहिला तो थेट नोव्हेंबर 1991 मध्ये ईडन गार्डन्सवर परत आला. एका बॅट्समनला वगळण्याचा निर्णय कुठपर्यंत गेला ते बघा. या प्रकारचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी हेच बघते, मॅच संपल्यावर लेखक तिथे थांबतो का, की टाळ्या वाजल्या आणि तोही घरी गेला.

क्रिकेटच्या बाहेर जायचं असेल तर जॉन कार्लिनचं 'प्लेइंग द एनिमी' आहे, 1995 चा रग्बी वर्ल्ड कप आणि नेल्सन मंडेला. वाचायला अतिशय सुंदर, कारण मंडेला एकेका माणसाला कसे जिंकतात ते तो जवळून दाखवतो. दक्षिण आफ्रिकेच्या स्प्रिंगबॉक टीमची ती हिरवी जर्सी म्हणजे काळ्या लोकांसाठी वर्णभेदाचीच खूण होती, ते लोक समोरच्या टीमला चिअर करायचे, आणि फायनलला मंडेला तीच जर्सी, कॅप्टन पिनारचा 6 नंबर पाठीवर, घालून मैदानात उतरतात. पण पुस्तकाचा सगळा जोर त्या मॅचपर्यंत पोचण्यावर आहे. पंधरा जणांच्या टीममध्ये तेव्हा काळा खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स, आणि पुढची कित्येक वर्षं काय झालं हे दुसरीकडे वाचावं लागतं. म्हणून हे दुसरं वाचा, पहिलं डॉलिव्हिएरा.

प्रश्न: मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो. व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी सारख्या फिरतात, एक म्हणजे फुटबॉल मॅचमुळे दोन देशांत युद्ध झालं आणि दुसरी पेलेला बघायला मिळावं म्हणून युद्ध थांबवलं. दोन्ही खऱ्या आहेत का आणि यावर धड काही वाचायला आहे का?

उत्तर: पहिल्या गोष्टीतलं युद्ध शंभर टक्के खरं आहे, कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. दुसरीचा पाया डळमळीत आहे. नीट सांगते, कारण तुमच्या विषयाचं आहे.

1970 च्या वर्ल्ड कपमध्ये जागा मिळवण्यासाठी जून 1969 मध्ये एल साल्वाडोर आणि होंडुरास समोरासमोर आले. पहिली मॅच होंडुरासने 1-0 जिंकली, दुसरी साल्वाडोरने 3-0, दोन्ही वेळा पाहुण्या टीमला रात्रभर हॉटेलबाहेर दंगा करून झोपू दिलं नव्हतं. दोघांनी एकेक मॅच जिंकली, म्हणून तिसरी मॅच मेक्सिको सिटीत झाली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये साल्वाडोर 3-2 ने जिंकलं. 14 जुलैला साल्वाडोरच्या सैन्याने हल्ला केला. सुमारे शंभर तास लढाई चालली, हजारो माणसं मेली. पोलंडचा रिपोर्टर रिशार्ड कापुश्चिन्स्की तेव्हा तिथे होता, त्याच्या 'द सॉकर वॉर' या पुस्तकातला त्याच नावाचा लेख आवर्जून वाचा. होंडुरासच्या राजधानीत सगळे दिवे बंद असताना तो अंधारात धडपडत टेलेक्सवरून बातमी पाठवायला जातो, ते वाचताना आपणही भिंत चाचपडत चालतो. त्याच्या लिखाणात तपशील रंगवलेले असतात असा आक्षेप पुढे घेतला गेलाय, तो डोक्यात ठेवा. पण कारणांबद्दल तो वाचकाला फसवत नाही.

कारण होतं जमीन. साल्वाडोर लहान, लोक खूप, आणि शेतजमीन मूठभर घराण्यांच्या हातात. त्यामुळे तिथले भूमिहीन शेतकरी शेजारच्या होंडुरासमध्ये जाऊन कसायला लागले, 1969 पर्यंत असे साधारण तीन लाख लोक होते. होंडुरासमध्येही मोठमोठे जमीनदार आणि केळीच्या अमेरिकन कंपन्या. तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी जमीन मागितली तेव्हा सरकारने मोठ्यांना हात न लावता साल्वाडोरच्या लोकांकडची जमीन काढून घ्यायला सुरुवात केली आणि त्यांना हाकलायला लागले. मॅचेस त्या ऐन वेळेला आल्या. म्हणजे स्टेडियममध्ये जे ओरडत होते ते फक्त गोलसाठी ओरडत नव्हते.

आणि परत तेच, पुढे काय झालं? साल्वाडोर वर्ल्ड कपला गेलं, तिन्ही मॅचेस हरलं, एकही गोल करता आला नाही. हाकललेले हजारो लोक परत आले ते पुन्हा भूमिहीनच. दोन देशांत शांतता करार व्हायला 1980 उजाडलं आणि सीमेचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1992 मध्ये सोडवला. ज्या पोस्टमध्ये तीन मॅचेस आणि एक युद्ध एवढंच असतं तिला यातलं काहीच माहीत नसतं.

आता पेले. 1969 च्या सुरुवातीला पेलेचा सँटोस क्लब नायजेरियात खेळला हे खरं, तिथे तेव्हा बियाफ्राचं यादवी युद्ध चालू होतं हेही खरं. पण पेलेसाठी दोन्ही बाजूंनी युद्धविराम केला याचा त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून ठोस पुरावा मिळत नाही. सांगणारेही कुणी 48 तास म्हणतो, कुणी 72. तपशील असा बदलत असेल तर सावध व्हायचं. याच जातीची पण बरीच भक्कम गोष्ट हवी असेल तर यादवी युद्धात सापडलेल्या आयव्हरी कोस्टच्या फुटबॉलपटू दिदिए द्रोग्बाची आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये सुदानला हरवून टीम पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र झाली आणि ड्रेसिंग रूममध्ये टीव्ही कॅमेऱ्यासमोर सगळी टीम गुडघ्यावर बसली, हत्यारं खाली ठेवा म्हणाली. हे फुटेज आहे. जून 2007 मध्ये बंडखोरांच्या बुआके शहरात राष्ट्रीय टीमची मॅच झाली, हेही घडलं. मात्र शांतता करार त्या मॅचच्या आधी, मार्च 2007 मध्ये झाला होता, तोही वाटाघाटींनंतर, आणि 2010 च्या निवडणुकीनंतर तिथे पुन्हा रक्तपात झाला. द्रोग्बाचं मोठेपण याने कमी होत नाही, उलट त्याने किती अवघड जागी उभं राहून ते केलं हे कळतं.

राज्यशास्त्राचे विद्यार्थी आहात तर सायमन कूपरचं 'फुटबॉल अगेन्स्ट द एनिमी' वाचाच. 1994 चं पुस्तक, तरुण वयात खिशात फारसे पैसे नसताना तो वीसहून जास्त देश फिरला आणि फुटबॉलवाल्यांशी, पोलिसांशी, पुढाऱ्यांशी बोलत सुटला. आज त्यातले काही देश नकाशावर वेगळे दिसतात, म्हणून ते जुनं न होता दस्तऐवज झालंय.

प्रश्न: खेळाडूंची आत्मचरित्रं वाचायला आवडतात पण नवरा म्हणतो ती सगळी दुसऱ्यानेच लिहिलेली असतात, त्यात खरं किती. भांडण मिटवा.

उत्तर: दुसऱ्याने लिहिलेली असतात हे बहुतेक वेळा बरोबर, त्यामुळे ती खोटी ठरतात हे बरोबर नाही. आंद्रे अगासीचं 'ओपन' जे. आर. मोरिंगरने लिहिलं, त्याचं नाव कव्हरवर नाही पण अगासीने आत मोकळेपणाने त्याचं श्रेय दिलंय. आणि टेनिसचा आपल्याला तिटकारा आहे हे इतकं उघड सांगणारं पुस्तक चांगला ऐकणारा समोर असल्याशिवाय झालंच नसतं.

पण काळजी घ्यायची ती अशी. मोहम्मद अलीचं 1975 चं आत्मचरित्र घ्या. त्यात येतं की रोम ऑलिंपिकचं गोल्ड मेडल घेऊन तो घरी आला, हॉटेलात काळा म्हणून खायला दिलं नाही, मग संतापाने त्याने मेडल ओहायो नदीत फेकलं. जबरदस्त प्रसंग आहे. पुढे मात्र अलीच्या जवळच्या लोकांनी सांगितलं की मेडल हरवलं होतं, आणि ही गोष्ट कितपत खरी यावर मोठा वाद झाला. अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्सचंही तसंच. 1936 च्या बर्लिनमध्ये लांब उडीच्या पात्रता फेरीत तो अडचणीत असताना जर्मनीच्या लुट्झ लाँगने येऊन सल्ला दिला असं तो आयुष्यभर सांगायचा, अभ्यासकांनी त्यावर शंका घेतलीये. त्या दोघांची मैत्री मात्र खोटी नाही, हिटलरच्या डोळ्यांसमोर ते हातात हात घालून फिरले त्याचं सगळं जग साक्षीदार आहे. लाँग 1943 मध्ये सिसिलीच्या लढाईत गेला.

माझं म्हणणं, आत्मचरित्र आधी वाचा कारण त्यात त्या माणसाचा आवाज असतो, आणि मग दुसऱ्याने लिहिलेलं चरित्र वाचा. अलीसाठी थॉमस हाउझरचं घ्या, त्यात अलीसोबत त्याचे विरोधक, डॉक्टर, नातेवाईक सगळे आपापल्या तोंडाने बोलतात. 28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी त्याचं नाव पुकारलं आणि तो जागचा हलला नाही, तो प्रसंग अनेकांच्या बोलण्यातून वाचला की कळतं तेव्हा त्याला किती थोडे लोक साथ देत होते. मिस्टरांना हे दुसरं पुस्तक द्या, तुम्ही पहिलं ठेवा, भांडण चालू राहिलं तरी चांगलंच रंगेल.

प्रश्न: स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही लोक सगळीकडे राजकारण घुसवता. खेळाडूने खेळावं, लेखकाने खेळावर लिहावं. मला रेकॉर्ड्स आणि टेक्निकवरची पुस्तकं आवडतात आणि त्यात काय वाईट आहे?

उत्तर: काहीच वाईट नाही, आणि राग तर अजिबात नाही. तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला मनापासून पटतो, राजकारणाची किंमत शेवटी खेळाडू भरतो. 1980 मध्ये अमेरिका मॉस्कोला गेली नाही, 1984 मध्ये सोव्हिएत युनियन लॉस एंजेलिसला गेलं नाही, आणि यात ज्यांचं वय निघून गेलं त्यांना ती संधी परत कधीच मिळाली नाही. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

फक्त राजकारण घुसवलं कुणी, हा प्रश्न पुस्तकं वाचल्यावर सोपा राहत नाही. एव्हरी ब्रंडेज या एकाच माणसाकडे बघा. 1936 मध्ये तो अमेरिकेच्या ऑलिंपिक कमिटीचा अध्यक्ष होता आणि नाझी जर्मनीत टीम पाठवू नका म्हणणाऱ्यांना त्याने विरोध केला, खेळात राजकारण नको म्हणून. 1968 मध्ये तोच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीचा अध्यक्ष होता आणि मेक्सिकोत अमेरिकेचे काळे धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ पोडियमवर काळा ग्लव्ह घातलेली मूठ वर केली तेव्हा त्यांना बाहेर काढायला त्यानेच लावलं, कारण तेच. बर्लिनमध्ये जर्मन खेळाडूंनी केलेला नाझी सलाम मात्र त्याला चालला होता, का तर तो त्यांच्या देशाचा सलाम!

रेकॉर्ड आवडतात म्हणालात म्हणून त्याच पोडियमवरच्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगते, पीटर नॉर्मन, ऑस्ट्रेलियाचा, 200 मीटरमध्ये सिल्व्हर. कार्लोस आपले ग्लव्ह्ज विसरला होता, मग एकच जोडी दोघांनी वाटून घ्या असं सुचवलं ते नॉर्मनने, म्हणून फोटोत स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा. नॉर्मनने अमेरिकेच्या रोइंग टीममधल्या एकाकडून मानवी हक्कांच्या मोहिमेचा बॅज मागून घेतला आणि छातीवर लावला. बस, एवढंच केलं. 1972 च्या ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाने त्याला नेलं नाही, ते बॅजमुळे की फॉर्ममुळे यावर अजून वाद चालतो. 2006 मध्ये तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस दोघेही त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला आले, आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेने माफी मागितली ती 2012 मध्ये. त्याची त्या दिवशीची 20.06 सेकंदांची वेळ ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून डिसेंबर 2024 पर्यंत टिकली. विक्रमाच्या यादीत हा आकडा छप्पन वर्षं दिसत राहिला. तो आकडा ज्याचा होता त्याच्या वाट्याला काय आलं ते यादीत दिसत नाही, म्हणून मला ही पुस्तकं लागतात. तुम्हाला नसतील लागत तर नका वाचू, टेक्निकवरच्या पुस्तकांबद्दल पुढे कधीतरी नक्की लिहू.

प्रश्न: अशी पुस्तकं सुरू करते पण नावं, तारखा, संघटनांची शॉर्टफॉर्म्स यात हरवते आणि सोडून देते. काही युक्ती?

उत्तर: एक कोरा कागद पुस्तकातच ठेवा. डाव्या बाजूला मॅचेस तारखेनुसार, उजव्या बाजूला त्या वेळी देशात काय चाललं होतं ते, दोन-दोन शब्दांत. उदाहरणार्थ डावीकडे 1978 वर्ल्ड कप, अर्जेंटिना, उजवीकडे लष्करी राजवट, माणसं गायब. पानं पुढे गेली की आपोआप दिसतं कुठली मॅच कशाच्या शेजारी पडली. फायनल झाली त्या स्टेडियमपासून लष्कराचं छळकेंद्र अगदी जवळ होतं, हे नकाशा उघडून बघितलं की अंगावर येतं. म्हणून नकाशाही जवळ ठेवा. शॉर्टफॉर्म्स पाठ करू नका, लागतील तेव्हा मागे जाऊन बघा. आणि पुस्तक घेण्याआधी शेवटची आभाराची पानं चाळा, लेखक कुणाकुणाशी बोलला ते तिथे कळतं. एकाच बाजूची माणसं दिसली तर मी ते पुस्तक जरा मागे ठेवते.

प्रश्न: मुलगी चौदा वर्षांची आहे, पोहते, कॉम्पिटिशनला जाते. वाचनाची फार गोडी नाही. तिला पेलेल असं या विषयावरचं काही?

उत्तर: पोहते म्हणालात म्हणजे युसरा मर्दिनीचं 'बटरफ्लाय' तिच्यासाठीच आहे. युसरा सीरियाची, दमास्कसमध्ये वाढलेली, वडीलच तिचे कोच. युद्धात घर गेलं, आणि 2015 मध्ये ती मोठ्या बहिणीबरोबर, साराबरोबर, देश सोडून निघाली. तुर्कस्तानहून ग्रीसच्या लेस्बॉस बेटाकडे जाताना क्षमतेच्या किती तरी पट माणसं भरलेल्या त्या रबरी बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. बोट हलकी व्हावी आणि बाजूला कलंडू नये म्हणून दोघी बहिणी पाण्यात उतरल्या आणि दोर धरून राहिल्या, तीन तासांहून जास्त वेळ. तुमच्या मुलीला पाण्यात हात भरून येणं म्हणजे काय ते माहीत आहे, तिला हे पान कुणी समजावून द्यायची गरज नाही. दुसऱ्याच वर्षी युसरा रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या टीमकडून पोहली, दहा जणांची ती पहिलीच टीम. 100 मीटर बटरफ्लायची तिची हीट तिने जिंकली, पण पुढच्या फेरीत जायला ती वेळ पुरली नाही.

तिने वाचलं की आपणही वाचा आणि साराबद्दल बोला. ती परत लेस्बॉसला गेली, बोटींतून येणाऱ्यांना मदत करायला, आणि 2018 मध्ये ग्रीसमध्ये तिला त्याच कामावरून अटक झाली. एका घरातल्या दोघी, एकच समुद्र, आणि दोघींच्या वाट्याला आलेलं इतकं वेगळं. चौदा वर्षांच्या मुलीला यावर म्हणायला खूप काही असतं, फक्त विचारायला हवं.

हे आवडलं तर 'द बॉइज इन द बोट' द्या, डॅनियल जेम्स ब्राउनचं, लहान वाचकांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही निघालीये. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आठ वल्हेकऱ्यांची टीम बर्लिन ऑलिंपिकमध्ये इटली आणि जर्मनीला जेमतेम सेकंदभराच्या फरकाने हरवते. पण त्या शर्यतीपेक्षा मला त्यातला जो रँट्झ जास्त महत्त्वाचा वाटतो, मंदीच्या काळात ज्याला घरच्यांनी पंधराव्या वर्षी एकट्याला मागे सोडलं. ज्याला कुणावर विसंबायची सवयच उरली नाही तो आठ जणांच्या लयीत कसा बसला, ते ब्राउनने फार मायेने लिहिलंय.

प्रश्न: तुमच्या यादीत सगळी बाहेरची नावं असतात. ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांच्या बाजूने लिहिलेलं, आणि आपल्याकडचं काही आहे की नाही?

उत्तर: आहे, आणि या सगळ्या प्रकाराचा पायाच त्यांनी घातलाय असं मी म्हणेन. त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स यांचं 'बियाँड अ बाऊंड्री' 1963 मध्ये आलं. जेम्स मार्क्सवादी विचारवंत, हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास लिहिणारे, आणि तितकेच क्रिकेटचे भक्त. वेस्ट इंडीजचा कॅप्टन गोराच का असतो हे त्यांनी नुसतं पुस्तकात विचारलं नाही, ते ज्या वर्तमानपत्राचे संपादक होते तिथे त्यांनी फ्रँक वॉरेलसाठी मोहीम चालवली आणि 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया टूरला वॉरेल कॅप्टन झाला. तरुणपणी कुठल्या क्लबमध्ये जायचं हे त्रिनिदादमध्ये कातडीच्या रंगावरून कसं ठरायचं, त्याची पानं हळूहळू वाचा. पुस्तक सोपं नाही, मधे मधे ग्रीक लोकांवर आणि कलेवर लांब चर्चा आहे, ती मला आवडते, तुम्हाला जड गेली तर ओलांडून पुढे जा.

आपल्याकडचं म्हणाल तर रामचंद्र गुहांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड', 2002 चं. यात पाळवणकर बाळूंना जागा मिळाली आणि मराठी वाचकाने निदान तेवढ्यासाठी तरी ते वाचलंच पाहिजे. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये नेट लावायचं, पिच राखायचं काम करायचे, तिथेच इंग्रजांना बोलिंग करता करता आपल्या काळातले सर्वोत्तम भारतीय स्पिनर झाले. मैदानावर सोबत खेळणारे लोक चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. 1911 च्या इंग्लंड टूरवर त्यांनी शंभरावर विकेट्स काढल्या, तरीही तेव्हा धर्मावरून बनणाऱ्या टीमांपैकी त्यांच्या हिंदू टीमची कॅप्टनशिप त्यांना कधी मिळाली नाही. ती 1923 मध्ये मिळाली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना. गुहा इथेही थांबत नाहीत, ते बाळूंच्या मागोमाग 1937 च्या निवडणुकीपर्यंत जातात, जिथे ते काँग्रेसकडून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. एकाच माणसात क्रिकेट, जात, काँग्रेस आणि आंबेडकरी राजकारण सगळं येऊन मिळतं.

आणि विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं होतं, गुहांनी त्याचा आधार घेतलाय. जुन्या ग्रंथालयांत विचारून बघा, कुणाकडे प्रत असेल तर आम्हाला कळवा, त्यातल्या निवडक भागावर पुढच्या एखाद्या अंकात सविस्तर लिहायची आमची तयारी आहे.